कानवालीचा हप्ता

माझी भाची कान तपासते. चार वर्षं शिकून, पदवी घेऊन, रीतसर तपासते. माणसाला किती ऐकू येतं, कुठला आवाज त्याच्यापर्यंत पोचत नाही, लहान मूल बोलायला कशामुळे अडलंय, हे तिला कळतं. त्या विद्येचं लांबलचक नाव आमच्या घरात कुणालाच एका दमात घेता आलं नाही, तिच्या आईलाही नाही. म्हणून सगळे तिला कानवाली म्हणू लागले. तिने ते मनाला लावून घेतलं नाही. मनाला लावून घ्यायला तिच्याकडे त्याहून मोठ्या गोष्टी होत्या, आणि त्यांतली सगळ्यात मोठी दर महिन्याच्या पाच तारखेला यायची.

मी तिचा मामा. पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचतो. लोकांच्या जिन्याखाली, संडासामागे, कुंड्यांच्या आड वाकून आकडे टिपण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. या सव्वीस वर्षांत घरमालकाने तोंडी सांगितलेला आकडा मी एकदाही लिहून घेतला नाही. ‘‘अहो, चारशे बाराच आहे, कशाला वाकताय,’’ असं म्हणणारे खूप भेटले. मी वाकलोच. फक्त एका दिवशी वाकलो नाही, आणि तो दिवस कानवालीच्या प्रवेशाचा होता.

तिला डॉक्टर व्हायचं होतं असं तिचे वडील सांगतात. तिला काय व्हायचं होतं हे तिला कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. मीही विचारलं नव्हतं. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत डॉक्टरकीला थोडे गुण कमी पडले, एवढं खरं. मग भाऊजींनी चौकशा सुरू केल्या. भाऊजी छापखान्यात बाइंडर. आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं शिवली, त्यामुळे चांगल्या कागदापुढे त्यांचं काही चालत नाही. आरोग्यविज्ञानाच्या एका खासगी कॉलेजचं माहितीपत्रक घरी आलं, तेव्हा त्यांनी आतला मजकूर वाचण्याआधी पान दोन बोटांत धरून चोळलं आणि म्हणाले, ‘‘एकशे सत्तर ग्रॅमचा आर्ट पेपर आहे. फालतू लोक नाहीत.’’ कॉलेजची पारख एवढ्यावर झाली.

आम्ही चौघं गेलो. ताई, म्हणजे माझी मोठी बहीण, भाऊजी, भाची आणि मी. मला नेलं ते माझ्या अकलेसाठी नव्हे, माझ्या पगारपत्रकासाठी. बँकेला पक्क्या नोकरीतला जामीनदार हवा होता. गार हवेच्या खोलीत टाय लावलेला एक तरुण बसला होता. त्याने आमच्यापुढे एक तक्ता ठेवला. त्यावर दोन खांब होते. एक लाल, बुटका, आमच्या गुडघ्याएवढा वाटेल असा: चार वर्षांचा खर्च, अकरा लाख. दुसरा हिरवा, थेट तक्त्याच्या वरच्या कडेला टेकलेला: आयुष्यभराची कमाई. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की सुरुवातीचा सरासरी पगार महिन्याला पंचेचाळीस हजार.

‘‘हा खर्च समजू नका,’’ टायवाला म्हणाला, ‘‘ही गुंतवणूक आहे.’’

मी विचारलं, ही सरासरी कुणाकुणाची काढली. त्याने चहा मागवला. चहा आला, बिस्किटं आली, भाऊजींना एक पेन फुकट मिळालं, आणि माझा प्रश्न बशीखाली कुठेतरी राहून गेला. मी सही केली. मीटर न बघता मालकाने सांगितलेला आकडा लिहून घेतला. दुसऱ्याला बोलण्याआधी माणसाने स्वतःचं सांगितलेलं बरं, म्हणून हे आधी सांगतोय.

शिकायला ती हुशार निघाली. घरात जेवायच्या टेबलावर सुटकेसएवढा प्लास्टिकचा कान आला, त्याचे भाग सुटे करून ती पाठ करायची आणि ताई ताटं मांडीवर घेऊन वाढायची. तिला ते काम मनापासून आवडलं, आणि खरी पंचाईत तिथेच झाली. न आवडतं तर दुसऱ्याच वर्षी सोडून दिलं असतं आणि कर्ज निम्म्यात आटोपलं असतं.

पदवी मिळाली तेव्हा ताईने गल्लीभर पेढे वाटल्यासारखा फोन फिरवला. समारंभात नातेवाईक तिला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणून हाक मारायला लागले. बँकेने मात्र तिला नावाने हाक मारली. शिकत असताना व्याज गप्प बसलेलं नव्हतं. अकराचे साडेतेराच्या घरात गेले होते. हप्ता सोळा हजार चारशे, बारा वर्षं.

पहिली नोकरी तिला एका मोठ्या इस्पितळात लागली. पगार चौदा हजार.

हे आकडे मी दोनदा वाचले, मीटर वाचतो तसे, काच पुसून. चौदा आत यायचे आणि सोळा-चारशे बाहेर जायचे. म्हणजे रोज कामावर जाऊन, तीस-तीस कान तपासून, ती महिन्याला चोवीसशे मागे पडायची. जाण्यायेण्याचं भाडं आणि जेवण वेगळं. टायवाल्याच्या तक्त्याचं नाव भाऊजींनी पुन्हा काढलं नाही. ते म्हणाले, सुरुवात आहे.

तिची खोली आधी चादरी ठेवायची कोठी होती. भिंतींना फोम चिकटवून तिला तपासणीची खोली केलेली. आत पेशंट हेडफोन लावून बसायचा, बारीक शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचा, आणि काचेच्या अलीकडे ही आलेखावर खुणा करायची. दुपारी धुलाईवाले चुकून दार उघडायचे आणि चादरींचं गाठोडं पेशंटच्या मांडीवर ठेवायचे. कानाचे डॉक्टर तिचा आलेख उचलून तीन मिनिटांत पेशंटला निकाल सांगायचे आणि त्या तीन मिनिटांचे हिच्या दोन दिवसांच्या पगाराएवढे घ्यायचे. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. ते तिच्या दुप्पट वर्षं शिकले होते. पण इस्पितळाच्या वाहनतळावर पावत्या फाडणाऱ्याला सोळा हजार मिळतात हे तिला कळलं त्या दिवशी ती माझ्याकडे आली, पाणी प्यायली आणि म्हणाली, ‘‘मामा, गाड्यांचं शास्त्र शिकायला हवं होतं.’’

दुसरी नोकरी श्रवणयंत्रांच्या दुकानात. पगार सोळा, शिवाय प्रत्येक मशीन खपलं की त्यावर थोडं. एका आजींना तिने तपासलं आणि सांगितलं की तुमच्या कानात मळ आहे, तो काढून घ्या, मशीन लागणार नाही. आजी तिच्या डोक्यावर हात ठेवून गेल्या. मालकाने तिला आत बोलावलं. तो म्हणाला की मळ सगळ्यांच्याच कानात असतो, तो दाखवायला आपण दुकान टाकलेलं नाही. सातव्या महिन्यात तिथलं संपलं.

मध्ये तीन हप्ते थकले. बँकेतल्या मुलीचा फोन मला आला. आवाज इतका गोड की मला आधी वाटलं कुणीतरी वाढदिवसाच्या शुभेच्छा देतंय. तीन हप्ते मी भरले. आमच्या मंडळींनी एकच विचारलं, की आपल्या मुलाच्या वेळी जामीन कोण राहणार आहे. मी पेपर उघडला.

अशा अवस्थेत तिच्या कॉलेजातूनच तिला बोलावणं आलं. शिकवायला नव्हे, प्रवेशाच्या खोलीत समुपदेशक म्हणून. पगार तीस हजार. टायवाल्याची खुर्ची रिकामी झाली होती, तो दुसऱ्या कॉलेजात पस्तीसवर गेला होता. तिसऱ्या दिवशी रुजू झाली. तिला दोष द्यायचा असेल तर आधी कुणीतरी पाच तारीख कॅलेंडरातून काढून दाखवावी.

कामात ती वाकबगार निघाली. बोलायचं कसं हे तर ती शिकलेलीच होती: सावकाश, स्पष्ट, समोरच्याच्या डोळ्यांत बघून. पहिल्याच हंगामात तिच्या हातून एकसष्ट प्रवेश झाले. कॉलेजने चौकात तिचा फोटो लावला. मी सकाळी मीटर वाचायला निघालो, मान वर केली, तर पाण्याच्या टाकीएवढी भाची हसत होती. शेजारी लिहिलं होतं: ‘आमची माजी विद्यार्थिनी. दोन वर्षांत पगार दुप्पट.’ त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. दुप्पट झालाच होता. करणारं कॉलेजच होतं, एवढं फक्त जागेअभावी राहून गेलं होतं.

मग तिने हिशोब काढला. तिच्या वर्गात बावीस जण होते. कान तपासत होते चौघं. तिघं निरनिराळ्या कॉलेजांत समुपदेशक होते. एक जण विमा विकत होता, एक जण कुत्र्यांचं खाणं. कॉलेजच्या कागदावर बावीसच्या बावीस ‘नोकरीत’ होते, आणि हिचे तीस हजार हिरव्या खांबात घातले गेले होते. पदवी विकायचा पगार पदवीची कमाई म्हणून मोजला जात होता. ‘‘मामा,’’ ती म्हणाली, ‘‘मी त्या खांबाच्या आत उभी आहे.’’

तरी ती वर्षभर तो तक्ता दाखवत राहिली. हे तीच सांगते, लपवत नाही.

एक कुलूपवाला मुलीच्या प्रवेशासाठी आला त्या दिवशी योगायोगाने मी तिच्या खोलीत होतो. बँकेला जामीनदाराची नवी सही हवी होती, ती करून मी कोपऱ्यातल्या सोफ्यावर चहाची वाट बघत होतो. पन्नाशीचा माणूस, बोटांच्या रेघांत काळं बसलेलं, बरोबर अठराची मुलगी. आत आल्यावर त्याने आधी दाराच्या कुलपाकडे बघितलं, मग आमच्याकडे. तो किल्ल्या बनवायचा. तक्ता त्याने शेवटपर्यंत नीट ऐकून घेतला, मध्ये बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘बाई, तुम्हीही हेच शिकलात असं चौकातल्या फोटोशेजारी लिहिलंय. तुमचा हप्ता किती?’’

या प्रश्नाचं उत्तर तिला प्रशिक्षणात पाठ करून दिलेलं होतं: प्रत्येकाची परिस्थिती वेगळी असते. तिने तोंड उघडलं, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि पेनाला टोपण लावलं.

‘‘सोळा हजार चारशे.’’

‘‘आणि कान तपासायचे काय मिळायचे?’’

‘‘चौदा हजार.’’

‘‘इथे?’’

‘‘तीस. पण इथे मी कान तपासत नाही. इथे मी तुम्हाला समजावते.’’

कुलूपवाल्याने मान हलवली. मग तिने सगळंच सांगितलं. आता फी तेरा लाख झाली आहे, व्याज शिकत असतानाही चढतं, सरकारी कॉलेजात हेच शिक्षण दहाव्या हिश्शात होतं पण तिथे जागा कमी आणि एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यावी लागेल. मुलीने विचारलं, काम कसं असतं. कानवाली म्हणाली, काम चांगलं आहे, पगार वाईट आहे, आणि यातलं एक खरं असलं म्हणून दुसरं खोटं होत नाही. एका साडेतीन वर्षांच्या पोराला मशीन बसवलं तेव्हा तो आईच्या आवाजाला दचकून रडला होता. आई मात्र हसत सुटली होती. तिने तेही सांगितलं. मला वाटतं, ते नसतं सांगितलं तर बरं झालं असतं.

बापलेक निघून गेले. तिने मला म्हटलं, ‘‘एक प्रवेश गेला,’’ आणि कितीतरी दिवसांनी ती मोकळी हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूपवाला फीच्या पहिल्या हप्त्याचे पैसे घेऊन हजर. तिने त्याला समजावलं की कालचं मी सगळं खरं सांगितलं होतं. तो म्हणाला, ‘‘म्हणूनच आलो. चार कॉलेजं फिरलो, सगळ्यांनी टोपी घालायचा प्रयत्न केला. तुम्ही खरं बोललात. जिथे नोकरमाणूस एवढं खरं बोलतो ते कॉलेज वाईट नसणार.’’ तिने वाद घातला. सरकारी परीक्षेचा अर्ज स्वतः काढून त्याच्यापुढे ठेवला. जेवढी ती अडवत गेली तेवढा त्याचा विश्वास वाढत गेला. शेवटी त्याने फीच्या खिडकीवर पैसे भरले आणि पावती तिलाच आणून दाखवली.

तिसऱ्या दिवशी संचालकांनी तिला बोलावलं. प्रवेशाच्या खोलीत दर्जा राखण्यासाठी म्हणून आवाज नोंदवून ठेवायची सोय होती. सगळं त्यांनी ऐकलं होतं. ती टेबलाचे खण रिकामे करूनच वर गेली. संचालकांनी खुर्ची दिली. त्यांच्यापुढे कागद होता: कुलूपवाल्यानंतर तिने आणखी चार घरांना खरं सांगितलं होतं, आणि पाचपैकी चौघांनी प्रवेश घेतला होता.

‘‘तुमच्या खरेपणाला प्रतिसाद चांगला आहे,’’ संचालक म्हणाले.

महिन्याभरात चौकातला मजकूर बदलला. फोटो तोच, शेजारी नवीन ओळ: ‘आम्ही तुम्हाला खरं सांगतो.’ बाकीच्या समुपदेशकांसाठी दोन दिवसांचं शिबिर झालं. गुळगुळीत बोलणारी एक मुलगी बाहेरून शिकवायला आली होती. हप्ता सांगताना नजर किंचित खाली न्यावी, पेनाला टोपण लावावं, मग एक क्षण थांबावं, असं तिने सगळ्यांकडून करून घेतलं. ज्यांच्यावर कर्ज नव्हतं त्यांना एक हप्ता ठरवून देण्यात आला. एका पोराने विचारलं, माझा किती सांगू. त्याला चौदा हजार दोनशे मिळाला. त्या हंगामात प्रवेश दीडपट झाले आणि कॉलेजने फी पन्नास हजारांनी वाढवली.

कानवाली घरी येऊन बसली तेव्हा तिचा आवाज बसला होता. तिला आता खरं बोलता येईना. कामाचा भाग म्हणून बोलायचं खरं तिच्या तोंडून निघत नव्हतं. ताईने गरम पाणी दिलं. भाऊजी म्हणाले, पगार वाढवून मागायची हीच वेळ आहे.

तिने दुसरंच केलं. बोलणंच बंद केलं. समोर कुणी आलं की एका साध्या कागदावर ती चार आकडे लिहायची: फी, हप्ता, किती वर्षं, आणि ओळखीतल्या चार कान तपासणाऱ्यांना हातात मिळणारा पगार. कागद द्यायची आणि सांगायची, आज पैसे घेणार नाही. घरी जा. आठ दिवसांनी या.

लोक चिडायचे. काही जण खिडकीवर परस्पर पैसे भरायला बघायचे, तर ती खिडकीवाल्याला सांगून अर्ज अडवायची. मात्र घरी गेल्यावर गार हवा नव्हती, चहा आणून देणारं कुणी नव्हतं. स्वयंपाकघरात ओट्यापाशी कुणीतरी तो कागद मोठ्याने वाचायचं, आणि दहांपैकी सात घरं परत यायची नाहीत. खरं सांगून कॉलेजचं काही बिघडलं नव्हतं. आठ दिवसांनी बिघडलं.

महिनाअखेरीस संचालकांनी पुन्हा बोलावलं. या वेळी खुर्ची नव्हती. पत्रात लिहिलं होतं की खर्चकपातीमुळे पद रद्द करण्यात येत आहे. त्याच आठवड्यात त्या पदावर नवीन माणूस आला. होर्डिंगचं भाडं मात्र मार्चअखेरपर्यंत भरलेलं होतं, त्यामुळे पुढचे पाच महिने माझी बेकार भाची चौकात उभी राहून आम्ही तुम्हाला खरं सांगतो म्हणत होती. मी तिच्या पायाशी वाकून आकडे टिपत होतो.

त्या पाच महिन्यांतले दोन हप्ते मी भरले, एक ताईने बांगडी मोडून भरला, दोन भाऊजींनी छापखान्यातून उचल घेऊन. भाऊजी तेव्हापासून चांगल्या कागदाला हात लावताना जरा कचरतात.

पुढे तिला बहिऱ्या मुलांच्या एका शाळेत काम मिळालं. सकाळी शाळा, एकोणीस हजार. संध्याकाळी एका चष्म्याच्या दुकानामागची खोली भाड्याने घेऊन तिथे तपासणी. फोम तिने आणि मी मिळून चिकटवला. भिंतीपलीकडे राहणाऱ्या दुकानदाराच्या बायकोने फक्त संध्याकाळी सातनंतर मिक्सर लावायचा नाही एवढं कबूल केलं. पहिल्या वर्षी पेशंट बोटांवर मोजण्याएवढे होते. आता, पदवीनंतर आठव्या वर्षी, दोन्ही मिळून बत्तीस हजारांपर्यंत जातं. हप्त्याची अजून चार वर्षं आहेत. टायवाल्याच्या तक्त्यावर जे पंचेचाळीस सुरुवातीलाच मिळायचे होते, ते अजून दिसत नाहीत.

कुलूपवाल्याची मुलगी गेल्या वर्षी पास झाली. त्याच इस्पितळात, चादरींच्या त्याच कोठीत लागली. पगार साडेपंधरा. हप्ता एकोणीस. कानवाली तिला तोंड दाखवायला बिचकत होती. एक दिवस कुलूपवालाच खोलीचं कुलूप बदलायला आला. त्याने राग धरला नव्हता. ‘‘तुम्ही सांगितलं होतं,’’ एवढंच म्हणाला आणि कामाला लागला. तो गेल्यावर ती बराच वेळ नवीन किल्ली हातात घेऊन बसली. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं ती नंतर म्हणाली. त्या मुलीला आता ती आठवड्यातून दोन संध्याकाळी आपल्या खोलीत पेशंट देते, आणि त्यातलं काही कापून घेत नाही.

परवा मी तिच्याकडे कान दाखवायला गेलो. फोनवर मंडळींचं बोलणं तुटक ऐकू येत होतं. तिने मला आत बसवलं, हेडफोन लावले, काचेपलीकडे गेली. मी बटण दाबत राहिलो. मध्येमध्ये बराच वेळ काहीच येत नव्हतं, मग तिच्या चेहऱ्याकडे बघायचो, तर ती खाली मान घालून खुणा करत असायची. बाहेर आल्यावर तिने आलेख समोर ठेवला आणि बोटाने दाखवलं. ‘‘मामा, वरचे आवाज कमी झालेत. पक्ष्यांचे, शिट्ट्यांचे. माणसांचं बोलणं अजून पुष्कळ चालेल. मशीन आत्ता नको. सहा महिन्यांनी ये.’’

मी विचारलं, किती झाले. मला वाटलं होतं ती नको म्हणेल; सही माझी, पाच हप्ते माझे, मामा मी. तिने बाहेरच्या कागदावरचा दर वाचला तसा सांगितला, नोट घेतली, सुटे मोजून परत दिले आणि पावती फाडली. मग पुढच्या पेशंटला आत बोलावलं.